मागच्या सीटवरची जागा

फटफटीच्या मागच्या दोन्ही स्प्रिंगा काढून मी तिथे लोखंडी पट्ट्या बसवल्या. कारण एवढंच, की कुणकेश्वरच्या पुळणीवरच्या शर्यतीत मेव्हण्याच्या फटफटीआधी सुटायचं होतं. मागची बाजू दबली नाही तर सगळा जोर चाकाला मिळतो, हे माझं शास्त्र. सुटलोही पहिला!

त्याच तोऱ्यात, पट्ट्या न काढताच, बायकोला मागे बसवून जत्रेला निघालो. लग्नापासून तिला हीच हौस होती. पहिल्याच खड्ड्याला ती उडाली आणि नव्या लुगड्यानिशी धुळीत बसली.

स्प्रिंगा मी संध्याकाळीच परत लावल्या. ती मात्र पुन्हा कधी मागे बसली नाही. दर जत्रेला ती बैलगाडीने जाई, आणि मी रिकामी सीट घेऊन मागून. विनवलं की म्हणे, "तुमका सुटूची घाय. माका देवळात पोचूचा आसा."