शुक्रवारी मांडलेलं विधेयक

मुलुंड पूर्वेला एका जुन्या तीन मजली इमारतीत तळमजल्यावर मालन पेडणेकर राहते. दारावर पाटी नवऱ्याची, चंद्रप्रकाश पेडणेकर. दाराच्या आत लगेच तिचं मशीन. साड्यांना फॉल-पिको करते, हात साफ आहे, म्हणून बायका टाटा कॉलनीतूनही येतात. मूलबाळ नाही.

लॉकडाऊनच्या आधीचा डिसेंबर. दत्तजयंतीच्या दिवशी चंद्रप्रकाश बहिणीला कणकवलीच्या गाडीत बसवून द्यायला कुर्ला टर्मिनसला गेला. तिला खिडकीशी बसवलं, पाण्याची बाटली आणून दिली, गाडी हलली तसा हात केला. बहिणीने एवढं पाहिलं. त्यानंतर त्याला कुणीच पाहिलं नाही. घरात भांडण नव्हतं, डोक्याचा आजार नव्हता. पोलिसात तक्रार झाली, टर्मिनसच्या खांबांवर फोटो लागले, आणि तीन महिन्यांत सगळं शहरच कुलपात गेलं. "बाई, अख्खी दुनिया घरात बसलीय, शोधू कुठे?" हवालदार म्हणाला. त्यात त्याचंही काही खोटं नव्हतं.

माणूस मेला तर लोक येतात, रडतात, तेराव्याला जेवून जातात. हरवला तर काय करायचं हे कुणाला शिकवलेलं नसतं. लोक आधी विचारायचे, मग विचारायला लाजू लागले, मग विषयच टाळू लागले. मालन रोज सकाळी अंघोळ करून देवापुढे बसायची, कुंकू लावायची आणि रामेश्वराला एकच सांगायची, "असतील तिथे सुखी ठेव आणि वाट दाखव."

संक्रांतीचं हळदीकुंकू पहिल्या मजल्यावरच्या कुंदाकडे असतं. चंद्रप्रकाश गेल्यावरच्या पहिल्या संक्रांतीला, जेमतेम महिना झाला होता तेव्हा, मालन दार लावून बसली होती. कुंदा स्वतः खाली आली. म्हणाली, "काय गं, दार काय लावून बसलीस? चंदूभाऊजी कुठेतरी आहेत ना? मग तू सवाष्णच. चल, ऊठ." त्या एका वाक्यावर मालनने पाच वर्षं काढली म्हटलं तरी चालेल.

कुंदाचे यजमान बाळभाऊ. महापालिकेतून निवृत्त झालेले, इमारतीचं वर्तमानपत्र तेच वाचतात आणि सगळ्यांना सांगतात. गेल्या डिसेंबरात एका शनिवारी ते पेपर हातात घेऊनच मालनच्या दारात आले.

"मालन, दिल्लीने तुझं काम केलं बघ! सातची चार झाली."

"कसली चार?"

"वर्षं गं! माणूस बेपत्ता झाला, सात वर्षं काही खबर नाही, तर कायदा त्याला मेला धरतो. ते आता चारवर आणलंय. काल लोकसभेत आलं. तुझी पाच झाली की! खोली नावावर होईल, इमारत पाडायला निघाली तर सहीला अडणार नाही. झकास झालं."

त्यांच्या मनात वाईट नव्हतं. मालनने सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, "म्हणजे हे... कधीपासून गेले धरायचे?"

बाळभाऊ जरा गडबडले. "ते कायद्यात असेल लिहिलेलं," म्हणाले आणि जिना चढून गेले. संध्याकाळपर्यंत कात्रण सूचना फलकावर होतं. त्यात तिचं नाव नव्हतं, पण जाणारी येणारी प्रत्येक बाई ते वाचून तळमजल्यावरच्या दाराकडे बघायची.

मालनने कुणाला काही विचारलं नाही. विचारलं आणि खरं निघालं तर? मराठी शाळेत नागरिकशास्त्रात शिकली होती, कायदा संसद करते आणि तो सगळ्यांना लागू असतो. एवढंच आठवत होतं आणि तेवढं पुरेसं होतं भ्यायला. बाजारात जाताना ती मंगळसूत्र पदराखाली घेऊ लागली. कुंकवाची टिकली बारीक झाली. देवापुढे मात्र ती पूर्वीसारखंच लावायची, तिथे दिल्लीचं चालत नाही अशी तिची समजूत.

जानेवारीत संक्रांतीच्या काळ्या साड्या आल्या. अकरा साड्या. कुंदाची चंद्रकळा, तिच्या सुनेची, गंधालीची नवी. मालनने सगळ्या वेळेवर दिल्या. हळदीकुंकवाच्या दिवशी चारलाच हातपाय धुऊन, स्वतःची साडी नेसून बसली. गंधाली बोलावणं करत तिसऱ्या मजल्यावरून खाली येत होती. "या हं हळदीकुंकवाला," प्रत्येक दारात तोच आवाज. शेजारच्या दारात झाला. मग चपला वळल्या आणि वर गेल्या.

वर भांड्यांचा, हसण्याचा आवाज येत होता. कुणीतरी नाव घेत होतं, बाकीच्या हसत होत्या. शेवटी मालनने साडी बदलली, घडी घातली आणि पिको करायचा राहिलेला एक परकर मशीनवर घेतला.

पुढच्या रविवारी तिच्या दिराचा मुलगा हर्षद तिळगूळ घेऊन आला. अंधेरीच्या कोर्टात एका वकिलाकडे काम करतो.

"काकी, कपाळाला काय झालं? टिकली दिसतच नाही."

"कायदा झाला ना रे. चार वर्षांचा."

"कुठला कायदा?"

तिने फलकाकडे बोट दाखवलं. हर्षद वाचून आला आणि त्याने कपाळावर हात मारला. "काकी, हे नुसतं मांडलंय गं! एका खासदाराने स्वतःच्या नावाने मांडलेलं विधेयक. सरकारचं नाही. अशी शुक्रवारी ढिगाने मांडतात, वाचून ठेवतात, चर्चेलासुद्धा येत नाहीत. कायदा सातचाच आहे. अजून दोन वर्षं आहेत."

"म्हणजे हे मेलेले नाहीत?"

हर्षद तिच्याकडे न बघता तिळगुळाची पुडी सोडू लागला. मग म्हणाला, "कायद्याने नाहीत."

तो गेल्यावर मालनने मोठं कुंकू लावलं आणि तडक जिना चढून गेली. कुंदा पोळ्या लाटत होती, बाळभाऊ टीव्हीसमोर.

"कुंदा, कायदा झालेला नाही. नुसतं मांडलंय. हर्षदने वाचलं."

बाळभाऊंनी टीव्हीचा आवाज कमी केला. "पेपरात स्पष्ट लिहिलं होतं, लोकसभेत..."

"तुम्ही गप्प बसा हो," कुंदा म्हणाली. "मेली सगळी वाट लावलीत तुम्ही." हाताचं पीठ झटकून ती पुढे आली. "मालन, मी गंधालीला म्हटलं होतं गं, तिला बरं वाटणार नाही, उगाच कशाला... मला वाटलं, आता तसंही..."

"तसंही काय?"

"अगं, आज ना उद्या... दोन वर्षांनी तरी काय वेगळं होणार आहे?"

बोलून गेल्यावर कुंदाने जीभ चावली. घाईघाईने देव्हाऱ्यातून करंडा आणला, बोट कुंकवात बुडवलं. मालनने कपाळ पुढे केलं. पण कुंदाचं बोट मधेच थांबलं आणि तिने नवऱ्याकडे पाहिलं, लावू ना, असं विचारल्यासारखं. क्षणभरच. मग लावलं, वाणाची चाळणी दिली, हातावर तिळगूळ ठेवला. "गोड बोल," म्हणाली, आणि तिचे डोळे भरले.

"बोलते हो," मालन म्हणाली. कुंदावर राग धरण्यासारखं काही नव्हतं. पाच वर्षं मालनचं कुंकू तिनेच धरून ठेवलं होतं. तिचा हात दुखून आला असेल. दुसऱ्याच्या नवऱ्याची वाट माणूस किती दिवस बघणार?

खाली येऊन तिने दिवा लावला. आता या इमारतीत तो जिवंत आहे असं धरून चालणारी आपण एकटीच, हे तिला दिवा लावतानाच कळलं. हर्षदच्या चेहऱ्यावरही तेच होतं. विधेयकाने कुणाचं मन बदललं नव्हतं. सगळे आधीच तयार होते, त्यांना फक्त कागद मिळाला.

तिने हात जोडले. "असतील तिथे सुखी ठेव," एवढं म्हटलं आणि पुढचे शब्द येईनात, कारण मनात भलतंच चालू होतं. दत्तजयंतीपासून दत्तजयंती. पाच झाली, वर दीड महिना. म्हणजे अजून एक वर्ष, दहा महिने आणि वर थोडे दिवस.

कुणी मोजायला सांगितलं नव्हतं. तिनेच मोजून ठेवलं होतं.

"रामेश्वरा, हे माझ्या मनात येऊ देऊ नको रे," ती म्हणाली, आणि दिव्याची वात सारखी करत बराच वेळ तिथेच बसून राहिली.