इस्पिकचा एक्का

नातू बुलेटवरून आला तो बोटात चांदीची कवटी घालून. सून ओरडली, "काढ ते अभद्र!" माझी नजर मात्र त्या बोटावरून हलेना.

स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं. हे मला बघायला पेठ वडगावला आले, तेव्हा मुलीनं मान वर करायची नाही अशी रीत. मला दिसला तो फक्त कपबशी घेणारा हात. बोटात अशीच कवटी, दातांत इस्पिकचा एक्का धरून हसणारी. मी हसू कसंबसं दाबलं. पाहुणे गेल्यावर वडील कडाडले, "फटफटी उडवतोय, पत्तं बी कुटत असंल की!" तरी लग्न ठरलं.

मांडवात अंतरपाट सरला. हार घेऊन पुढं आलेल्या हाताचं बोट मोकळं होतं. नवरा बदलला की काय? जोडवी घालताना नणंद कुजबुजली, "वैनी, तुमच्या वडलांचं बोलणं कानावर आलं, तशी दादानं कवटी गुजरीत सोनाराकडं नेऊन आटवली. ही जोडवी तिचीच हायती."

जन्मभर ती पायांत वागवली. मनातनं हो म्हटलं होतं ते त्या कवटीलाच, एवढं मात्र त्यांना सांगायचं राहून गेलं.