राबात गेलेलं कुंपण

मंडळी, आज दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितेय.

आमच्या गावी, औंढ्यात, सध्या राब भाजणं चाललंय. भाताचं रोप टाकायच्या जागी शेण, पाला, काटक्या पसरून ती जागा भाजायची. पण यंदा लढाईपायी कोळशाला मागणी वाढली आणि ठेकेदारानं झाडं तोडून डोंगर बोडका केलाय. काटक्या मिळता मिळत नाहीत.

बांधावर माझ्या सासऱ्यांनी, आबांनी, बी रुजवून वाढवलेला हिरडा होता. नुसत्या मुरमात तग धरून कमरेएवढा झालेला. आत्ताच कुठं कोवळी पालवी फुटली होती. भोवती बोरीच्या वाळक्या काट्यांचं कुंपण.

सकाळी राबाला काटक्या कमी पडल्या. मी म्हटलं, झाड आता मोठं झालंय, काय होतंय! आणि ते कुंपण उचलून राबावर टाकलं. राब लय छान भाजला.

दुपारी भाकरी खाऊन परत येते तर शेजारच्या शेळ्या हिरड्यापाशी. शेंडा गेला, पालवी गेली, सालसुद्धा ओरबाडलेली. उरली नुसती काठी.

आबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते कोयता घेऊन गेले, नवे काटे तोडून आणले आणि त्या काठीभोवती लावले.

मी विचारलं, "आबा, फुटंल का वो?"

"हिरडा हाय त्यो, फुटंल. मी बघायला असंन का, ते इचारू नगंस."

तुमच्याकडं कुणाचा शेळीनं खाल्लेला हिरडा पुन्हा फुटलाय का? किती दिवसांत फुटला, तेवढं सांगा. आबांना सांगायचंय.