वर्ध्याच्या खोलीतला ऑपेरा

चार मैत्रिणी जमल्या की मला गायला कोणीच सांगत नाही. सगळ्यांना किस्से हवे असतात! ऑपेरा शिकणारी मुलगी वर्ध्याजवळच्या रोहण्यासारख्या खेड्यातली असली, की किस्से साचतच जातात. त्यातले थोडे सांगते.

*

ऑपेरा म्हणजे अख्खं नाटक गाऊन करायचं, तेही माइकशिवाय. बी.एड.ची सीट सोडून मला हे शिकायचं होतं. हे सांगायला वावरात गेले, तेव्हा बाबा फुलकोबी तोडत होते.

"माइक नाई? मंग मागच्याले कसं आयकू येते?"

"येते, बाबा."

"इथंच उभी राह्य." ते वावराच्या पार टोकाच्या धुऱ्यावर, बांधावर जाऊन पाठमोरे उभे राहिले. मी गायले. शेजारच्या वावरातला फवारणीचा पंप थांबला. बाबा हळूहळू चालत परत आले.

"आयकू त आलं. समजलं काईच नाई." मग फुलकोबीची टोपली उचलत म्हणाले, "जा तू."

*

आमच्या फिलोमिना मॅडम म्हणजे शाळेतून रिटायर झालेल्या संगीत शिक्षिका. तरुणपणी त्यांना स्टेजवर जायची घरून परवानगी मिळाली नाही. वर्ध्याच्या त्यांच्या समोरच्या खोलीत एक जुना पियानो आणि आम्ही दोघं विद्यार्थी. मी आणि वडनेरचा सौरभ. त्याचा आवाज माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. खोल, भरदार. तो गायला लागला की मी माझी वही मिटायचे.

दुसऱ्या वर्षी त्याच्या स्वरयंत्रावर गाठ निघाली. डॉक्टरांनी दोन महिने एक शब्दही बोलू नको म्हणून सांगितलं. तरी तो दर रविवारी यायचा. मॅडमही त्याच्याशी बोलायच्या नाहीत. वहीत लिहायच्या, तो खाली उत्तर लिहायचा. ऑपरेशन झालं. बोलणं परत आलं, वरचे सूर आले नाहीत.

त्या दिवशी त्याने तीनदा प्रयत्न केला. मग पियानोचं झाकण उघडून म्हणाला, "मॅडम, मले हेच शिकवा आता. हिले साथ कोण देईन?"

मॅडम आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

*

मुंबईच्या ऑडिशनला आम्ही दोघं गेलो. गाणं झालं. परीक्षकांपैकी एक बाई खुश होऊन म्हणाल्या, "ट्रेनिंग कुठलं?"

"वर्ध्याचं."

"वर्धा... ते ऑस्ट्रियात का?"

पियानोवरून सौरभ शांतपणे म्हणाला, "नाई मॅडम. सेवाग्रामच्या बाजूले."

*

पहिला रोल मोलकरणीचा मिळाला. चार ओळी. शेवटच्या अंकात मालकीण गात गात मरते आणि मी पाण्याचा ग्लास घेऊन शेजारी उभी! आई पहिल्यांदाच थिएटरात आली होती. प्रयोग संपल्यावर भेटली ती रागातच.

"ते बाई मरून राह्यली, अन् तू गिलास धरून नुसती उभी? पाजलं काऊन नाई तिले?"

"डायरेक्टरनं सांगितलं नव्हतं, आई."

"पाणी पाजाले कोणी सांगा लागते काय?"

दुसऱ्या प्रयोगाला मी गुडघ्यावर बसले आणि ग्लास तिच्या ओठांशी नेला. प्रेक्षागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. प्रयोगानंतर डायरेक्टरनी स्क्रिप्टमध्ये पेनने एक ओळ वाढवली: मोलकरीण पाणी पाजते.

*

मागच्या वर्षी मला नायिकेचं काम मिळालं. सांगायला सौरभ आणि मी वर्ध्याला गेलो, तर मॅडमना अजिबात ऐकू येईनासं झालेलं. कानातल्या मशीनचाही उपयोग नव्हता. मी कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं.

"गा," म्हणाल्या.

मी सौरभकडे पाहिलं. त्याने खुर्ची ओढली आणि वाजवायला सुरुवात केली.

मॅडम काठी टेकत उठल्या, माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही तळवे माझ्या पाठीवर, बरगड्यांवर ठेवले. मी सगळं गाणं त्या हातांखाली गायले. संपल्यावरही त्यांनी हात काढले नाहीत.

"तिसऱ्या ओळीत घाबरलीस," त्या म्हणाल्या. "पुन्हा."