पापुद्र्यावरून घेतलेलं माप

सांगलीच्या औद्योगिक वसाहतीत मी तीस वर्षं हीटर बनवतोय. प्लास्टिकचे दाणे ज्या लोखंडी नळीत वितळतात, त्या बॅरलला कड्यासारखे आवळून बसणारे हीटर. बॅरलचा बाहेरचा व्यास, हीटरची रुंदी आणि वॅट कळले की माझं काम सुरू. अलीकडे मात्र फार थकायला होतं. तेच तेच आकडे लिहून हात चालतो, डोकं चालत नाही.

कडेगावजवळ एका निवृत्त सुभेदारांचा ठिबकच्या नळ्यांचा कारखाना आहे. त्यांच्याकडे माप घ्यायला गेलो तेव्हा बॅरल अजून गरम होतं. जुना हीटर सोडवला, फीत गुंडाळली, घेर लिहिला आणि निघालो. चार हीटर करून पाठवले.

तीन आठवड्यांत दोन जळाले. सुभेदारांचा फोन आला, "आवं, ताकद कमी पडतीय. जादा वॅटचं द्या."

मला पटलं नव्हतं, पण वाद घालायचं त्राण नव्हतं. दिले. ते तर आठ दिवसांतच गेले.

पुन्हा गेलो. मशीनवर वडूजकडची एक बाई कामाला होती. मी तापमानाचे आकडे बघत उभा होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "काका, हिकडं बघा जरा." तिनं हीटर आणि बॅरलच्या मध्ये करवतीचं पातं सारलं. सरळ आत गेलं.

"कधीपासून असं आहे?"

"लय दिवस झालं. मी सांगितलं हुतं. मालक म्हणालं, माप हीटरवाल्यांनी घेतलंय, तू गप."

मशीन बंद करायला लावलं. बॅरल निवल्यावर खाली बसून हीटरच्या कडेनं जिथं हात पोचत होता तिथं पितळी ब्रशनं खरवडलं. जळक्या प्लास्टिकचे पापुद्रे पडायला लागले. पहिल्या वेळी मी असल्याच पापुद्र्यावरून माप घेतलं होतं. नवे हीटर तापल्यावर त्यांच्याखालचा थर जळून झडला आणि हीटर सैल झाले. साफ केलेल्या जागी व्यास तीन मिलिमीटरनं कमी भरला. हीटर लोखंडाला चिकटून नसला की उष्णता आत जात नाही, त्याची तारच भाजून निघते. वॅट वाढवून मी ती लवकर मारली, एवढंच.

सुभेदारांना सगळं सांगितलं.

"म्हंजे चूक तुमची?"

"माझीच."

"मग त्या बाईला मी उगंच गप बसवली की." उठून ते तिच्याकडे गेले. काय बोलले ते ऐकू आलं नाही. तिनं ऐकून घेतलं आणि दाण्यांची पिशवी उचलली.

चार दिवसांनी बरोबर व्यासाचे, पूर्वीच्याच वॅटचे हीटर मी स्वतः नेऊन आवळले. ते अजून चालताहेत. त्या दिवशी ती बाई पातं घेऊन आली, चारही हीटरला लावून बघितलं. कुठंच आत गेलं नाही.

"आता बसलं," ती म्हणाली.

मी गुडघ्यावर हात टेकून उठलो. गाडीत बसलो, मापांची वही उघडली आणि जुना आकडा खोडून शेजारी लिहिलं, 'खरवडून घेतलेलं माप.'