कमरेची लाट

"ती काय आंधळी होती? समोरचा समुद्र दिसत नव्हता?" यासुशीनं चहाचा पेला चटईवर आपटला.

"तिनं फळा वाचला," त्याची वहिनी किनुए म्हणाली. "माझ्या दारातला. लिहिणारा माझा नवरा, म्हणून पाहुणे त्यावर विश्वास ठेवतात."

तो नवरा, तात्सुओ, हवामानाच्या नकाशावर मान खाली घालून बसला होता. वय छप्पन्न, त्यातली वीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर गेलेली. दूर दक्षिणेला वादळ उठलं, की त्याची लाट मियाझाकीच्या या किनाऱ्यावर कधी पोचेल आणि केवढी असेल, हे तो दोन दिवस आधी सांगे. रोज पहाटे वीस मिनिटं समुद्र बघायचा आणि मग किनुएच्या पाहुण्यांच्या घराबाहेर, फळीवरून लाटा खेळणाऱ्यांसाठी, लाटेची उंची लिहायची: गुडघा, कंबर, छाती, खांदा, डोकं.

फक्त, लिहायची एक पायरी खाली. अकरा वर्षांपूर्वी फुकुओका शहरातून लाटा खेळायला येणाऱ्यांच्या गाड्यांनी गावचा रस्ता भरून जायला लागला, तेव्हा यासुशी आणि गावातल्या लाटा खेळणाऱ्या पोरांनी त्याला तशी गळ घातली होती. तेव्हापासून छातीएवढ्या लाटेला फळ्यावर 'कंबर'. गावातले मनात एक पायरी चढवून वाचत. बाहेरचे येईनासे झाले. लाटा लपवायच्या तुम्ही आणि खोल्या भरायच्या मी, असं किनुए दर उन्हाळ्यात ऐकवी, पण फळ्याला तिनंही कधी हात लावला नव्हता.

काल फळ्यावर 'कंबर' होतं. किनुएकडे उतरलेल्या ओसाकाच्या नागुराबाई, नवशिक्या, पाणी सपाट बघून आत गेल्या. वादळाची लाट तशीच येते. पंधरा मिनिटं काही नाही, मग एकामागून एक पाच. त्यांचीच फळी तोंडावर बसली. जबडा मोडला.

वादळानं अचानक वळण घेतलं म्हणून सांगू, यासुशीनं सुचवलं. अंदाज चुकतातच, कोण विचारतंय. मग त्याचा आवाज उतरला. "दादा, उद्या वर्षातली सगळ्यात मोठी लाट आहे. तू खरं लिहिलंस, तर पोरं तुझ्याशी बोलणार नाहीत. मलाही बोलता येणार नाही."

"अंदाज चुकला होता का हो?" किनुएनं विचारलं.

"नाही." तात्सुओनं पहिल्यांदाच मान वर केली. "छाती बघितली, कंबर लिहिली. दारात बाई भेटल्या होत्या. मला झेपेल ना, म्हणाल्या. मी म्हटलं, फळ्यावर लिहिलंय की."

हे किनुएला माहीत नव्हतं. ती जमा करत असलेले पेले तसेच हातात राहिले.

तात्सुओ उठला, नकाशाची घडी घातली.

"उद्या 'डोकं' लिहिणार," तो म्हणाला. "आणि नऊला इस्पितळात जाऊन नागुराबाईंना सगळं सांगणार. तेव्हा गाडी मी नेणार."