कुलपाला काय विचारू?

मंडळी, आज मानोऱ्याजवळच्या तांड्यावरून रडत परतले. माझी पीएचडी सांख्यिकीत आहे, विषय हंगामी स्थलांतर. पावसाळ्यात घरोघरी फिरून यादी केली, चिठ्ठ्या टाकून चाळीस घरं निवडली. आज प्रश्नावली घेऊन गेले, तर बहुतेक दारांना कुलूप. सगळे ऊसतोडीला गेलेले.

सरांना फोन केला. म्हणाले, "शेजारचं घर घ्या."

पण शेजारी म्हणजे जे गेलेच नाहीत ते. त्यांना विचारून स्थलांतर कसं मोजू? प्रबंधाची मुदत दोन महिन्यांवर आली आहे आणि गेलेले लोक परतणार थेट उन्हाळ्यात.

शेजारच्या ओट्यावर बसलेली एक आजी म्हणाली, "आमच्यावरच लिहून राह्यली ना पोरी? मंग आमी कवा जातो, हे काहून नाही इचारलं?"

माझ्या प्रश्नावलीत बासष्ट प्रश्न आहेत. हा नाही. आता तुम्हीच सांगा, काय करू?